माळावरची नऊ घरं

तीन हजार एकशे सतराव्या जबाबात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक मुलगी उभी होती आणि तिच्यासाठी कोड नव्हता. गौतमीनं परिच्छेद पुन्हा वाचला. जबाब देणारी बाई म्हणत होती, आमची घरं जळत होती तेव्हा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर नऊ-दहा वर्षांची एक पोर उभी होती. ती आमच्यातली नव्हती, त्यांच्यातली होती. ओरडली नाही, पळाली नाही, नुसती बघत राहिली. माझं खरं वाटत नसेल तर तिला विचारा, आता मोठी झाली असेल. एवढंच सांगून बाई पुढच्या ओळीत आपल्या शेळ्यांकडे वळली होती. स्क्रीनच्या उजवीकडे रकाने वाट बघत होते: पीडित, आरोपी, साक्षीदार, मदत करणारा. त्या मुलीनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं आणि कुणाला मदतही केली नव्हती. साक्षीदार म्हणावं तर तिची साक्ष कुणी काढलीच नव्हती. गौतमीनं माउसवरून हात उचलला. उजव्या हाताच्या चार बोटांत, पेरांच्या खाली, तिला किटलीच्या कडीचा काच जाणवत होता.

हिंजवडीच्या दुसऱ्या फेजमधल्या त्या इमारतीत सातव्या मजल्यावर ती तीन वर्षं हेच काम करत होती. लांबच्या एका देशात अकरा वर्षं माणसं एकमेकांना मारत होती. ते थांबलं, आणि मग तिथल्या सत्य आयोगानं गावोगाव फिरून हजारो जबाब घेतले. ते इंग्रजीत भाषांतर होऊन इथं येत. प्रत्येक जबाब वाचायचा, कोण, कुठं, कधी, काय गेलं, याच्या खुणा करायच्या, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका रकान्यात बसवायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच होता: तुम्हाला काय हवं आहे? शिक्षा, भरपाई, माफी, माहिती, इतर. देशाचं नाव घरी सांगायचं नाही असा करार होता, म्हणून नवरा, साहिल, त्याला 'तुझा देश' म्हणायचा. आज काय म्हणतोय तुझा देश, असं विचारायचा, आणि ती म्हणायची, बऱ्याच जणांना माहिती हवीय. आपलं माणूस कुठं पुरलंय एवढंच त्यांना हवं असतं.

कामावर घेताना दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. हेमलता मॅडम नावाच्या, केस पार पांढरे झालेल्या बाईंनी ते घेतलं होतं. अशा तीन देशांत मिळून त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांनी सांगितलं होतं की युद्ध संपल्यावर काय करायचं हे कुणालाच नीट माहीत नसतं, जो तो आपापल्या परीनं चाचपडतो. एका देशात गावकऱ्यांनी गवतावर बसून आपल्याच शेजाऱ्यांचा न्याय केला. एका देशात सगळं टीव्हीसमोर बोललं गेलं, आणि जो खरं बोलला तो सुटला. एका देशात ठरलं की या विषयावर कुणी काही बोलायचंच नाही. तिथं चाळीस वर्षांनी नातवंडं फावडी घेऊन शेतं उकरायला लागली. बाहेरचे लोक पैसा आणतात, पूल बांधतात, शाळा बांधतात, तज्ज्ञ पाठवतात. पूल लवकर होतो. मॅडमनी शेवटी एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली होती. आपल्या मनावरचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. ज्याचं गेलंय त्याला आधी विचारायचं, की बाबा तुला काय हवंय. हा क्रम उलटा झाला की पुन्हा त्याच्यावरच अन्याय होतो. गौतमीनं ते वहीत लिहून घेतलं होतं. लिहिताना तिला आपल्या गावची आठवण आली नव्हती, याचं आता तिला नवल वाटत होतं.

संध्याकाळी कंपनीची कॅब, बाकीच्यांना सोडायला वळसा घालून निघालेली, जांब्याच्या फाट्याजवळ अर्धा तास हलली नाही. पुढं मिक्सर ट्रक, मागं बस, दोन्ही बाजूंनी दुचाक्या. कॅबमधली जुईली कानात इअरफोन घालून झोपली होती. गौतमी काचेला डोकं टेकून बसली आणि डोळे उघडे असतानाच ती वरच्या माळावर चढायला लागली. ती दहा वर्षांची होती. मे महिना होता. धरणाच्या अलीकडचं त्यांचं गाव, गावाच्या वर मुरमाड माळ, माळावर कातकऱ्यांची वस्ती. माळ वनखात्याचा; त्याच्या पलीकडची जमीन गावातल्या चार घरांची, त्यात एक घर त्यांचं. ती जमीन घ्यायला पुण्याची पार्टी आली होती आणि पार्टीला वरपर्यंत रस्ता हवा होता. हे सगळं तिला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच ऐकलं होतं की कुणाची तरी गवताची गंजी पेटली आणि ती कातकऱ्यांनी पेटवली. जेवणं झाल्यावर गावातली पुरुषमाणसं ट्रॅक्टर घेऊन वर गेली. तासाभरानं आईनं तिच्या हातात चहाची मोठी किटली आणि कपांची पिशवी दिली नि म्हणाली, वर दिऊन ये, आन लगीच माघारी फिर. किटली जड होती. ती दर वीस पावलांवर हात बदलत गेली. वर धूळ उडत होती. अण्णा, तिचे वडील, पहारीनं एका झोपडीची मेढ उचकत होते. त्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. शेतात बांध घालताना जसे दिसत तसेच ते दिसत होते, आणि हेच तिला पुढं कधी कुणाला सांगता आलं नाही. ते रागावलेले नव्हते. ते काम करत होते.

ती एका दगडावर कप मांडून चहा ओतत गेली आणि माणसं येऊन पीत गेली. मग सोनी आली. सोनी त्यांच्या खाचरात लावणीला यायची. खेकड्याला मागून कसं धरायचं, नांग्या कशा चुकवायच्या, हे तिनंच गौतमीला शिकवलं होतं. सोनीच्या हातात जर्मनची वाटी होती. मागं तिचा नवरा कान्हू उंबराच्या खोडाला टेकून बसला होता, त्याचा डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. सोनीनं वाटी पुढं केली. म्हणाली, त्याला घोटभर दे बाय. गौतमीनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांची पाठ होती. इतर माणसं कप हातात घेऊन बघत होती. किटली अर्धी भरलेली होती, तिचा भार बोटांना रुतत होता, आणि गौतमी म्हणाली, "संपला." सोनी क्षणभर किटलीकडं बघत राहिली आणि परत गेली. उतरणीवर उरलेला चहा करवंदीच्या जाळीत ओतून गौतमी रिकामी किटली घेऊन घरी आली. आईनं विचारलं, सगळ्यांना पुरला? ती म्हणाली, पुरला.

पाऊस लागायच्या आत वस्ती कुठंतरी निघून गेली. कोण म्हणालं वीटभट्टीवर, कोण म्हणालं कोळशाच्या कामावर. गावात कुणी नाव काढलं नाही. गौतमी शिकली, पुण्यात राहिली, सूसला फ्लॅट घेतला. बावीस वर्षं झाली होती. मध्ये कुठं आठवलं नाही असं नाही. पण आठवण यायची ती किटलीची, तिच्या तोटीला बांधलेल्या फडक्याची. माणसांपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. आज त्या परक्या बाईनं बोट दाखवलं होतं. ती आता मोठी झाली असेल, तिला विचारा. कॅब हलली. जुईलीनं डोळे उघडून विचारलं की आलं का सूस. गौतमी म्हणाली, अजून जांबेच आहे.

रविवारी ती एकटीच गावी गेली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णा, म्हणजे जयसिंग, सत्तरी ओलांडलेले, घरात एकटेच राहत. शेजारची बाई भाकरी करून द्यायची. खाली दोन खोल्या शनिवार-रविवार येणाऱ्यांना भाड्यानं दिल्या होत्या. अण्णा ओसरीवर बसून हाताच्या नखांकडं बघत होते. गौतमीनं चहा केला, कप त्यांच्यासमोर ठेवला, आणि हेमलता मॅडमनी सांगितलेला क्रम आपण मोडतोय हे माहीत असूनही बोलून गेली.

"अण्णा, माळावरची वस्ती मोडली त्या दिवशी मी तिथं होते."

अण्णांनी कप उचलला होता, तो तसाच राहिला. "कुटं?"

"वर. आईनं चहा घेऊन पाठवलं होतं."

"चहा गड्यानं आनला व्हता."

"मी आणला होता. तुमची पाठ होती."

त्यानंतर जे झालं त्याची तिनं कल्पना केली नव्हती. ते चिडतील, किंवा सगळेच गेले होते म्हणून सांगतील, याची तिनं तयारी केली होती. अण्णांनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडं असं पाहिलं, जसं लहानपणी ती शाळेतून उशिरा आल्यावर त्यांच्याकडं बघायची. इतकी वर्षं हा माणूस एका गोष्टीच्या आधारावर जगत आला होता, ती म्हणजे घरातल्या कुणी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बायको गेली, तिला फक्त ऐकून माहीत होतं. पोरगी लहान होती. जे केलं ते माळावर केलं आणि माळावरच राहिलं. आता एका वाक्यात पोरगी त्या दगडाजवळ येऊन उभी राहिली होती, आणि आधीपासूनच तिथं होती.

"काय काय बगितलंस?" त्यांनी हळू विचारलं.

"सगळं."

 अण्णा उठले, आत गेले, आणि देव्हाऱ्यामागून घडी केलेले दोन कागद घेऊन आले. एक नोटीस होती. सुनील कान्हू वाघमारे यानं, म्हणजे सोनीच्या मुलानं, वनहक्काचा दावा केला होता, की आमची वस्ती या माळावर होती, ती बेकायदा उठवली, आम्हाला तिथं जागा मिळावी. दावा एकदा फेटाळला गेला होता; अपिलाची सुनावणी पुढच्या गुरुवारी तालुक्याला होती. सुनीलचा पत्ता जांब्याचा होता. दुसरा कागद टाइप केलेला होता: आम्ही खाली सही करणारे जुने जाणते ग्रामस्थ लिहून देतो की सदर माळावर कधीही कोणतीही वस्ती नव्हती. खाली पाच जागा, त्यांतल्या चार भरलेल्या. अण्णांनी सांगितलं, हा विठ्ठलरावानं दिलाय. विठ्ठलराव त्यांचा चुलतभाऊ, मागचा सरपंच; माळाच्या पलीकडं आता त्याचे प्लॉट होते आणि वस्ती परत आली तर कुणी प्लॉट घेणार नाही असं त्याचं म्हणणं होतं.

"तुम्ही सही का नाही केली?"

"पेन घावंना म्हनून राह्यली," अण्णा म्हणाले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन लावलेलं होतं. दोघांनीही त्याकडं पाहिलं.

जांब्याला ती मंगळवारी ऑफिस सुटल्यावर गेली. रोज ज्या फाट्यावर कॅब अडकते तिथून चालत दहा मिनिटं. एका शेतकऱ्यानं शेतात ओळीनं बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या, दारांत बुटांचे ढीग, दोऱ्यांवर सिक्युरिटीचे निळे शर्ट, कुठंतरी हिंदीत चाललेला फोन. चालताना तिच्या डोक्यात मॅडमचं वाक्य फिरत होतं आणि ती स्वतःला विचारत होती की आपण ओझं उतरवायला चाललोय का? उत्तर हो असंच येत होतं, तरी पाय थांबत नव्हते. सुनीलची बायको प्रियंका बाहेर भांडी घासत होती. तिनं आत हात केला. सोनी जमिनीवर बसून लसूण सोलत होती. शेजारच्या खानावळीतून पोतं यायचं, ते सोलून परत जायचं. केस पिकले होते, पण बसण्याची ढब तीच होती, एक गुडघा वर. सोनीला वाटलं कुणी रेशनच्या सर्व्हेला आलंय.

"जयसिंग अण्णांची गौतमी मी."

सोनीचे हात थांबले नाहीत. तिनं एकदा वर पाहिलं, ओळख पटली असावी, आणि मान पुन्हा खाली घातली. गौतमी उंबऱ्याच्या आत टेकली आणि तिनं किटलीचं सांगितलं. वाटीचं सांगितलं. संपला म्हणाले पण अर्धी भरलेली होती, हेही सांगितलं. सांगताना आवाज फुटेल असं तिला वाटलं होतं, पण तो ऑफिसातल्या मीटिंगमध्ये लागतो तसा सरळ लागला.

सोनीनं थोडा वेळ खरोखर आठवून पाहिलं. "चहा?" ती म्हणाली. "न्हाई बाय. चहाचं कायबी ध्येनात न्हाई माज्या. कोंबडी बसवली व्हती मी अंड्यांवं. तिला उचलून न्ह्यावं तर अंडी मागं राहत्यात, आन अंडी न्ह्यावी तर ती बसत न्हाई. त्याच घोरात व्हते मी." मग कान्हूचं ती आपणहून बोलली. हात वाकडाच बसला, तरी भट्टीवर काम केलं त्यानं, चार वर्षांमागं गेला.

गौतमीला एकदम रिकामं वाटलं. बावीस वर्षं तिनं जे सांभाळून ठेवलं होतं ते समोरच्या बाईनं कधी उचललंच नव्हतं. हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली कुठंतरी राग होता, की मग मी कुणाजवळ ठेवू हे? तीन हजारांवर जबाब वाचून तिला वाटत आलं होतं की दुखावणारा विसरतो आणि दुखावलेला लक्षात ठेवतो. इथं तिच्यासमोर कोंबडी होती, अंडी होती, मोडलेला हात होता, आणि त्यात तिला जागा नव्हती. मग तिनं तो शेवटचा प्रश्न विचारला. रोज चार-पाचदा वाचलेला प्रश्न तोंडातून पहिल्यांदाच निघत होता आणि तो किती उघडा आहे हे तिला तेव्हा कळलं.

"तुम्हाला काय हवंय?"

सोनीनं हातातला लसूण खाली ठेवला. "माफी मागाया येनार हाय का तुजा बाप? मी काय करू तिचं. त्यानं तितं येऊन सांगावं, वस्ती व्हती म्हनून. पाच वर्सं सुनील कागद घिऊन फिरतोय. सायेब म्हनत्यात, पुरावा आना. मोडलं त्योच पुरावा व्हता, दुसरा कुटनं आनावा?"

गौतमीनं शब्द दिला नाही. देता येण्यासारखा तो तिचा नव्हता. रात्रीच्या स्वयंपाकाआधी तिनं अण्णांना फोन केला आणि सोनीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी विचारलं, शिव्या दिल्या का तिनं? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी सांगितलं की विठ्ठलराव दोनदा येऊन गेला, कागदही परत घेऊन गेला, आणि उद्या तुला खांदा द्यायला कातकरी येणार आहेत का असं म्हणाला. फोनवर ते श्वास घेत राहिले.  आपण त्यांना ढकलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि न ढकलणं हेही एक ढकलणंच आहे हे तिला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी ती गाडी घेऊन गावात पोचली तेव्हा अण्णा इस्त्रीचे कपडे आणि टोपी घालून ओसरीवर बसलेले होते. वाटेत घाटाच्या वळणांवर ते खिडकीतून बाहेर बघत होते. एकदा म्हणाले, गंजी कान्हूनं पेटवली नव्हती, विडीनं पेटली, ते आमाला दुसऱ्याच दिशी कळलं व्हतं. तिनं गाडी जरा हळू केली, इतकंच.

तालुक्याच्या कचेरीत वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत टेबलं जोडून ठेवली होती. समितीच्या मधोमध एक तरुण बाई अधिकारी, बाजूला टाइप करणारा कारकून. भिंतीकडच्या बाकावर सोनी, सुनील, आणि वस्तीतली आणखी दोघं. समोरच्या बाकावर विठ्ठलराव आणि सह्या केलेले तिघं. अण्णा दोन्ही बाकांच्या मध्ये उभे राहिले, कुठं बसावं ते त्यांना कळेना. अण्णांचं नाव पुकारलं गेलं. विठ्ठलरावानं पाचव्या सहीसाठी कागद पुढं केला. अण्णांनी तो घेतला नाही. ते अधिकारी बाईंना म्हणाले, "वस्ती व्हती."

 बाईंनी विचारलं, किती घरं होती. नऊ, अण्णा म्हणाले, आणि त्यांनी नावं घेतली. एकेका बोटाच्या पेरावर अंगठा ठेवत, माळावर वरून खाली उतरावं तशी क्रमानं, नऊ घरांतले नऊ कर्ते पुरुष. शेवटी कान्हू वाघमारे. बावीस वर्षांत एकही नाव सांडलं नव्हतं. मागं उभ्या असलेल्या गौतमीला उमगलं, की हा माणूस हे रोज म्हणत आला असणार.

"उठवली कोणी?"

 कारकून थांबला होता. "आमी," ते म्हणाले. "गावानं. मी बी व्हतो त्यात. पहार माजी व्हती." कारकुनानं 'ग्रामस्थांनी' असं टाइप केलं. गौतमीला सवयीनं स्क्रीन वाचता आली. तिनं काही म्हणायच्या आत बाईंनीच सांगितलं की म्हणाले तसं लिहा. मग गौतमीनं आपलंही नाव दिलं, त्या वेळचं वय दहा, काय दिसलं ते सांगितलं. चहाचं सांगितलं नाही. ते कुणालाच नको होतं, आणि ते तिनं स्वतःजवळ ठेवायचं होतं. विठ्ठलराव उठून बाहेर गेला. जाताना अण्णांच्या अगदी जवळून गेला, आणि अण्णांनी मान वळवली नाही.

कारकुनानं छापलेलं पान वाचून दाखवलं. सही करा म्हणून अण्णांपुढं सरकवलं. अण्णांनी खिशाचं पेन काढलं तेव्हा बाकावरून सोनी उठली. ती टेबलापर्यंत आली, पानाकडं बघितलं, तिला वाचता येत नव्हतं, तरी नावांच्या यादीवर तिनं बोट ठेवलं.

"धा व्हती," ती म्हणाली.

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. बावीस वर्षांनी ते पहिल्यांदाच एकमेकांसमोर उभे होते. त्यांनी पुन्हा बोटं मोजायला सुरुवात केली, वरून खाली, आणि पुन्हा नऊवरच आले.

"माजी आई," सोनी म्हणाली. "उताराच्या बाजूला, येकली राहायची. ती तुमच्या कामावं येत नव्हती, म्हनून तुमाला आटवत न्हाई."

अण्णांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. कारकून म्हणाला की आता पान परत छापावं लागेल, वेळ लागेल. बाईंनी हात केला, छापा. अण्णांनी तोंड उघडलं, पण नाव त्यांना माहीतच नव्हतं. ते सोनीकडं वळले आणि त्यांनी ते तिला विचारलं.

"गोजरी," सोनी म्हणाली, आणि कारकुनाला ऐकू गेलं का ते बघून पुन्हा एकदा, सावकाश, म्हणाली. "गोजरी. लिवा. आमी थांबतो."